सतरावे, तरी निर्धास्त!

मी टॉटनहॅमचा पाठीराखा, त्यामुळे प्रीमियर लीगच्या २०२४-२५ च्या हंगामाबद्दल खरं तर गप्पच बसायला हवं. ३८ पैकी २२ सामने हरलो, २० संघांत १७वे आलो. बिलबाओत मँचेस्टर युनायटेडला १-० हरवून युरोपा लीग जिंकली, म्हणून लंडनमध्ये मान वर करून फिरतोय, एवढंच.

पण मला खुपतंय ते वेगळंच. इतकं हरूनही खालच्या लीगमध्ये जायची भीती आम्हाला शिवलीसुद्धा नाही. आमचे ३८ गुण, १८व्या लेस्टरचे २५! त्याखाली इप्सविच २२, साउदॅम्प्टन १२. वर आलेले तिन्ही संघ तसेच परत गेले, तेही सलग दुसऱ्या वर्षी. लेस्टर २०१६ मध्ये याच लीगचं विजेतं होतं, हे आज कुणाला सांगावं? वर्षानुवर्षं टीव्ही हक्कांचा पैसा मिळवणाऱ्या क्लबांशी नवा संघ एका उन्हाळ्यात बरोबरी करणार तरी कशी?

२०२५-२६ च्या हंगामासाठी लीड्स, बर्नली आणि संडरलंड वर आले. बर्नलीने खाली ४६ सामन्यांत फक्त १६ गोल स्वीकारले. बचाव भक्कम आहे, पण इथे गोल करणार कोण? लीड्सकडून मला जास्त आशा आहे. तिघांपैकी एक जरी टिकला तरी लीगमध्ये जान येईल. दोन टिकले, तर मात्र आमचं काही खरं नाही.