‘कदाचित’ नव्हे, ‘कथंचित्’

‘प्रॉबेबली’, ‘परहॅप्स’ आणि ‘पॉसिबली’ ही इंग्रजी क्रियाविशेषणे एकाच कुळातील भासतात. मराठीत आपण तिन्हींसाठी सर्रास ‘कदाचित’ म्हणतो. परंतु त्यांचे वजन सारखे नाही. माल ‘प्रॉबेबली’ शनिवारी पोहोचेल, म्हणजे बहुधा पोहोचेल. ‘परहॅप्स’ म्हटले की पोहोचेल किंवा न पोहोचेल, पारडे कोणत्याच बाजूस झुकलेले नसते. ‘पॉसिबली’ एवढेच सांगतो की ती गोष्ट अशक्य नाही. परप्रांतातील पेढीशी इंग्रजीतून पत्रव्यवहार करणाऱ्या व्यापाऱ्याने पहिल्या शब्दावर पुढच्या गिऱ्हाइकाला वायदा केला तर ते एक वेळ समजण्यासारखे आहे; तिसऱ्या शब्दावर केला तर त्याची पत धोक्यात येते. ‘लेट’ व ‘लेटली’ यांतही असाच फरक आहे. पैसे ‘लेट’ आले म्हणजे उशिरा आले. ‘लेटली’ आले म्हणजे अलीकडे आले. पहिल्यात तक्रार आहे, दुसऱ्यात नाही.

व्यवहारात अशा चुकीने एखाद्या सौद्याचे नुकसान होते. तत्त्वज्ञानात मात्र अशाच एका शब्दाने संपूर्ण दर्शनाविषयी गैरसमज पसरविला. तो शब्द म्हणजे ‘स्यात्’. अनेक इंग्रजी पुस्तकांत त्याचे भाषांतर ‘परहॅप्स’ किंवा ‘मेबी’ असे केलेले आढळते. त्यामुळे स्याद्वाद हा ‘कदाचित असे, कदाचित तसे’ म्हणणारा संशयवाद ठरतो. हा आक्षेप जुना आहे. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यातही तो आला आहे. इंग्रजी भाषांतराने त्याला नवे बळ दिले.

व्याकरणात ‘स्यात्’ हे ‘अस्’ धातूचे रूप आहे. जैन न्यायात ते अव्यय म्हणून योजिले जाते. आचार्य समंतभद्रांनी ‘आप्तमीमांसे’त ‘सर्वथा’ या एकांताचा त्याग करणारा तो स्याद्वाद, असे सांगून त्याचा अर्थ ‘कथंचित्’ असा लावला. कथंचित् म्हणजे एका विशिष्ट अपेक्षेने.

हुपरीच्या कारागिराने जुने पैंजण आटवून करंडा घडविला, तर चांदी या द्रव्याच्या अपेक्षेने ती वस्तू कायम आहे आणि पैंजण या पर्यायाच्या अपेक्षेने ती नष्ट झाली आहे. या दोन्ही विधानांत ‘कदाचित’ला जागा नाही. दोन्ही निश्चित आहेत. प्रत्येकाची अपेक्षा तेवढी वेगळी आहे.

कोल्हापूरकरांना हा विषय परका नसावा. येथील राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकविणारे डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी 1935 मध्ये आचार्य कुंदकुंदांचा ‘प्रवचनसार’ इंग्रजी प्रस्तावना व भाषांतरासह संपादित केला. त्या ग्रंथात सप्तभंगीची गाथा आहे. इंग्रजी वाचकांपर्यंत मूळ ग्रंथ पोहोचविण्याचे ते कार्य या नगरीत झाले.

आज आपली मुले धर्माची ओळखही पुष्कळदा इंग्रजीतूनच करून घेतात. त्यांच्या पुस्तकात ‘स्यात्’पुढे ‘परहॅप्स’ दिसल्यास पालकांनी तेथे थांबावे आणि ‘इन अ सर्टन रिस्पेक्ट’ हा अर्थ समजावून सांगावा. त्यासोबत घरातीलच एखाद्या दागिन्याचे उदाहरण द्यावे. पेढीवरील पत्रातही जेवढी खात्री असेल तेवढ्याच वजनाचा शब्द लिहावा. सत्याणुव्रत पाळणाऱ्या गृहस्थाला संदिग्ध शब्दाच्या आडोशाने दिलेला वायदा शोभत नाही.