वणव्याला ऊन जबाबदार नाही

२०२३ च्या उन्हाळ्यात कॅनडातील सूचिपर्णी जंगले जळाली. दीड कोटी हेक्टरहून अधिक, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास निम्मे क्षेत्र! धूर न्यूयॉर्कपर्यंत पोहोचला. तिथे बरेच वणवे विजेमुळे लागतात. काही झाडांच्या शंकूंतून बी बाहेर पडण्यासाठी आगीची धग लागते. म्हणजे आग त्या जंगलाच्या जीवनचक्रातलीच; तापमानवाढीने ती आता मोठी आणि वारंवार होत आहे.

वर्ध्यातील बोरचे जंगल वेगळे आहे. २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेल्या या जंगलाचा गाभा जेमतेम १३८ चौरस किलोमीटरचा. पानगळीचा साग, ऐन, तेंदू, मोह. मार्चपर्यंत जमिनीवर वाळल्या पाल्याचा थर साचतो. मात्र पाला आपोआप पेटत नाही. मोहफुले सहज दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळला जातो, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून झुडपे पेटवली जातात, कधी विडीचे थोटूक पुरते. उन्हामुळे आग पसरते, लावतो माणूसच.

जमिनीलगतची ही आग मोठी झाडे सहसा मारत नाही, म्हणून तिचे नुकसान डोळ्यांत भरत नाही. मरतात ती रोपे. साग आग सोसून पुन्हा फुटतो, इतर अनेक प्रजातींना ते जमत नाही. दरवर्षी जळणारे जंगल हळूहळू एकसुरी होते. उघडी पडलेली माती पहिल्या पावसात ओढ्यांमार्गे वाहून जाते आणि जलाशयांत गाळ म्हणून साचते. धुरातील सूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात. दमेकरी, लहान मुले आणि खुद्द मोहफुले वेचणाऱ्या बायाबापड्यांना त्याचा त्रास आधी होतो.

यावर नुसते गुन्हे दाखल करणे हा उपाय नव्हे. मोहफूल हा गरीब घरचा उन्हाळ्यातला रोख पैसा आहे. झाडाखाली जाळी किंवा जुनी साडी अंथरली, तर पाला जाळावा लागत नाही आणि फुलेही स्वच्छ मिळतात. तेंदूसाठी झुडपांची छाटणी करता येते. उपग्रहावरून आगीची सूचना आज काही तासांत मिळते. पण विझवायला गावातलीच माणसे लागतात. म्हणून जाळ्यांचा आणि आग-राखणीच्या मजुरीचा खर्च फेब्रुवारीआधीच ग्रामसभांच्या हाती पडायला हवा.

कॅनडाला वीज थांबवता येणार नाही. बोरमधली काडी मात्र थांबवता येईल.