तपासणी तिसरीत हवी, दहावीत नव्हे

दहावीचे फॉर्म भरायचे दिवस आले की पालकांचा एकच प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो: एलडीचं, म्हणजे अध्ययन अक्षमतेचं, सर्टिफिकेट कुठे मिळेल आणि किती दिवसांत? मुलगा कसाबसा नववी पास झालेला असतो. त्याला वाचायला त्रास होतो हे घरात सगळ्यांना पाच-सहा वर्षं ठाऊक असतं. आळशी आहे, लक्ष नाही, मोबाइल फार बघतो, अशी सगळी कारणं लावून झालेली असतात आणि क्लासही बदलून झालेले असतात. आता कुणीतरी सांगितलेलं असतं की सर्टिफिकेट असलं तर पेपरला जास्त वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. सवलत हा त्या मुलाचा हक्कच आहे, ती मागायलाच हवी. मला वाईट वाटतं ते वाया गेलेल्या त्या पाच-सहा वर्षांचं.

महाराष्ट्र सरकारने १९९६ मध्ये दहावीच्या परीक्षेत अशा मुलांसाठी अधिकृत सवलती लागू केल्या. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन सुरू झाली. सायनसारख्या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत अध्ययन अक्षमतेची क्लिनिकं चालू लागली. हे काम मोठंच होतं. पण त्यामुळे डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचनाशी निगडित अध्ययन अक्षमतेची, तपासणी लोकांच्या मनात बोर्डाच्या परीक्षेला चिकटली ती कायमची. कायदा मात्र तसं म्हणत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन अक्षमतेला २१ प्रकारांच्या यादीत जागा दिली आणि २०१८ च्या जानेवारीत केंद्राने मूल्यमापनाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत सुरुवातच तिसरीपासून, म्हणजे आठव्या वर्षापासून धरली होती. प्रमाणपत्र तेव्हा, मग चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी, आणि अठराव्या वर्षी मिळेल ते कायमचं, असा तो क्रम होता.

तिसरीतल्या अशा मुलाची वही कधी नीट पाहा. 'घर'चं 'धर' झालेलं असतं, 'भात'चा 'मात'. 'चंद्र'मधला र गळालेला. एकाच पानावर 'विहीर' तीन वेळा आलेली, आणि तिन्ही वेळा वेगळी. पहिली वेलांटी हा तर मराठी लिपीतला मोठाच चकवा आहे: ती लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची अक्षरानंतर. 'र' कधी डोक्यावर रफार होऊन बसतो, कधी पायाशी तिरकी रेघ होतो. बाकीची मुलं दोन वर्षांत हे सगळं पचवतात. या मुलाला प्रत्येक ओळ नव्याने फोडावी लागते. आणि हाच मुलगा अफजलखानाच्या वधाची गोष्ट तोंडी सांगायला लागला की वर्ग गप्प बसून ऐकतो. हे अंतर दिसलं की शिक्षकाने पालकांना बोलावून घ्यावं. पहिलीतलं मूल एखादं अक्षर उलटं काढतं, एवढ्याने घाबरायचं कारण नाही. तिसरीतही वाचन अडखळत असेल आणि समज मात्र लख्ख असेल, तर थांबू नये.

तपासणीला जाताना पालक धास्तावलेले असतात, कारण आत काय होतं ते कुणी सांगितलेलं नसतं. आधी डोळे आणि कान तपासून घेतात. मग मानसशास्त्रज्ञ आईवडिलांशी सविस्तर बोलतात: मूल बोलायला कधी लागलं, घरात आणखी कुणाला वाचायला त्रास होता का. डिस्लेक्सिया बऱ्याचदा घराण्यात चालत येतो, त्यामुळे वडील इथे अनेकदा पहिल्यांदाच आपल्या शाळेविषयी बोलतात. त्यानंतर बुद्धिमापन. आपल्याकडे त्यासाठी नागपूरच्या डॉ. मलिन यांनी भारतीय मुलांसाठी बेतलेली चाचणी बरीच वापरली जाते. ठोकळे जुळवायचे, चित्रात काय राहिलं ते ओळखायचं, ऐकलेले आकडे उलट क्रमाने सांगायचे. मुलांना हा भाग सहसा आवडतो. खरी परीक्षा पुढे असते: शब्दांची यादी, उतारा, श्रुतलेखन. 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरतं, असे प्रश्न. आणि 'टिमोक'सारखे अर्थ नसलेले शब्द, जे पाठांतराच्या जोरावर वाचताच येत नाहीत. डिस्लेक्सिया असलेलं मूल नेमकं इथे अडकतं, कारण अडचण असते ती आवाज आणि अक्षर यांची सांगड घालण्यात. हे सगळं एका बैठकीत उरकणारा तज्ज्ञ मला पटत नाही. दमलेल्या मुलाचे गुण त्याच्या दमण्याचेच असतात.

आता सगळ्यांत महत्त्वाचं: तपासणी कोणत्या भाषेत होते? घरी मराठी, आजूबाजूला मराठी आणि शाळा इंग्रजी माध्यमाची, अशी लाखो मुलं आपल्याकडे आहेत. अशा मुलाची चाचणी फक्त इंग्रजीत घेतली, तर त्याला वाचनाची अडचण आहे की इंग्रजीच कानावर पडलेलं नाही, हे ठरवायचं कसं? उलटही होतं. मराठीत अक्षर आणि उच्चार यांचं नातं इंग्रजीपेक्षा खूप सरळ आहे, त्यामुळे डिस्लेक्सिया असलेलं मूलही मराठी बऱ्यापैकी बरोबर वाचून जातं, फक्त फार हळू वाचतं. चुका मोजणाऱ्याला ते सुटतं, घड्याळ लावणाऱ्याला सापडतं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाचा चाचणीसंच तयार केला, तो हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा चार भाषांत आहे. त्यात शिक्षकांनी वर्गात करायची प्राथमिक चाळणी वेगळी आणि मानसशास्त्रज्ञांनी करायची तपासणी वेगळी. मराठीत साधन नाही ही सबब आता चालणार नाही. अपॉइंटमेंट घेतानाच विचारा: मराठीतलं वाचन तपासता का? नाही म्हणाले तर दुसरीकडे जा.

रिपोर्ट हातात आला की बहुतेक घरांत पहिली नजर आयक्यूच्या आकड्यावर जाते. १०४ वाचून आईचा जीव भांड्यात पडतो आणि कागद फाइलमध्ये जातो. तो आकडा सर्वांत कमी उपयोगाचा आहे. पुढची पानं वाचा. कोणती जोडाक्षरं जमत नाहीत, मिनिटाला किती शब्द वाचतो, ऐकून किती समजतं, श्रुतलेखनात कुठे घसरतो, हे तिथे असतं. तिथूनच स्पेशल एज्युकेटरचं काम सुरू होतं: आवाज सुटे करणं, जोडणं, थोडं थोडं, रोज, काही महिने नव्हे तर काही वर्षं. ज्या रिपोर्टमध्ये 'रेमेडियल द्यावे' एवढंच एक वाक्य आहे, तो घेऊन परत जा आणि नेमकं काय, आठवड्यातून किती वेळा, हे लिहून मागा. पैसे मोजले असतील तर नक्कीच मागा. रंगीत काचांचे चष्मे आणि डोळ्यांचे व्यायाम विकणारेही याच वेळी भेटतात. अशा चष्म्यांनी किंवा व्यायामांनी डिस्लेक्सिया जातो याला पुरावा नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच संयुक्त निवेदन काढून हे सांगितलं आहे.

मुलालाही सांगा. साध्या शब्दांत, त्याच दिवशी. आपण ढ नाही, आपल्याला वाचन वेगळ्या पद्धतीने शिकवावं लागणार आहे, हे आठ वर्षांच्या मुलाला व्यवस्थित कळतं. न सांगितलं तर तो स्वतःच उत्तर शोधतो, आणि ते नेहमी वाईट असतं.

मुंबई-पुण्याबाहेर हे सगळं अवघड आहे हे मला माहीत आहे. तालुक्याला मानसशास्त्रज्ञ मिळत नाही, जिल्ह्याला जायचं तर मजुरी बुडते. पण शिकवण्याची पद्धत बदलायला प्रमाणपत्र लागत नाही. गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक नेमलेले असतात, त्यांना वर्गात बोलवा, वही दाखवा. मुख्याध्यापकांनी तिसरीच्या वर्गाची चाळणी याच वर्षी, मार्चपूर्वी करून घ्यावी. आणि तुमच्या जिल्ह्यात मराठीतून तपासणी कुठे होते, खर्च किती येतो, किती दिवस थांबावं लागतं, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी मला कळवा. खात्री करून ती माहिती याच सदरात जिल्हावार देईन.