बाग उचलून नेता येते का?



घर बदलताना आपण काय काय नेतो? पलंग, कपाट, भांडी, पुस्तके, कधी कधी दाराबाहेरची तुळस किंवा गुलाबाची कुंडीसुद्धा. सगळे टेम्पोत भरले की झाले. पण बाग नेता येते का? हा प्रश्न ऐकून तुम्ही हसाल. मोठी माणसे मात्र कचेरीत बसून, समोर नकाशा पसरून, फार गंभीरपणे सांगतात, "ही बाग येथून हलवू आणि तिकडे नेऊ." कागदावर हे काम पाच मिनिटांत होते. लेखणीने एका जागेवर फुली मारायची, दुसऱ्या जागेवर हिरवा रंग द्यायचा. बाग हलली!

हा लेख लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर देवळा गाव आहे. तुमच्यापैकी काही जण मालेगावचे असतील. मालेगावहून कळवणकडे जाताना वाटेत हे गाव लागते. नाशिक जिल्ह्यातला हा भाग कांद्याचा. १९९९ साली देवळा तालुक्याचे ठिकाण झाले. तालुका झाला की गावाचे रूप बदलू लागते. सरकारी कचेऱ्या येतात, त्यांच्यामागे नोकरदार येतात, बँका येतात, दवाखाने येतात. रस्त्याच्या कडेची शेते बिनशेती होतात आणि जेथे काल कांद्याचे वाफे होते तेथे आज चुन्याच्या रेघा मारलेले प्लॉट दिसतात. यात वाईट काही नाही. माणसांना राहायला घरे हवीत, दुकानदारांना दुकाने हवीत. गाव वाढणारच.

आता एक कल्पना करा. अशा वाढत्या गावात, बाजाराच्या रस्त्याजवळ एक लहानशी बाग आहे. फार सुंदर नाही. एक घसरगुंडी, दोन झोके, त्यांतल्या एकाची साखळी तुटलेली. सिमेंटचे चार बाक. एक मोठा कडुनिंब. सकाळी म्हातारी माणसे बाकावर बसून वर्तमानपत्र वाचतात. दुपारी कडुनिंबाखाली हमाल डोळा लावतो. संध्याकाळी मुलांचा गोंधळ असतो, आणि त्याच वेळी आसपासच्या बायका घटकाभर येऊन बसतात. पुरुषांना बसायला चहाची टपरी असते, कट्टा असतो. बायकांना घराबाहेर बसायला गावात दुसरी जागा कोठे असते, ते तुम्हीच आठवून पाहा.

या बागेला लागून असलेल्या जमिनीवर कोणाला मोठी इमारत बांधायची आहे. खाली दुकाने, वर घरे. मधे बाग येते. मग सूचना येते की बाग गावाबाहेर न्यावी. तिकडे जमीन स्वस्त आहे, म्हणून एकाच्या बदल्यात दुप्पट जागा मिळेल. दुप्पट! हा शब्द ऐकला की माणूस खूश होतो आणि पुढचे काही विचारतच नाही.

मी मात्र एकच गोष्ट विचारीन. नवी बाग किती पावलांवर आहे?

बाग चौरस मीटरमध्ये मोजतात, ते बरोबरच आहे. पण तिचा उपयोग पावलांवर ठरतो. सहा वर्षांचे मूल एकटे किती लांब जाऊ शकते? गुडघे दुखणारी आजी किती चालू शकते? पाच मिनिटांच्या अंतरावरची छोटी बाग तिची असते. दोन किलोमीटरवरची मोठी बाग ज्याच्याकडे मोटारसायकल आहे त्याची असते. वाटेत मोठा रस्ता ओलांडावा लागत असेल, आणि हंगामात त्या रस्त्यावर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागत असेल, तर कोणती आई मुलाला एकटे पाठवील? म्हणजे जागा दुप्पट झाली आणि जाणारी मुले निम्मीही उरली नाहीत.

ही केवळ कल्पना नाही. आपल्याच राज्यात, पुण्यात असे घडले आहे. प्रभात रस्त्याच्या भागात, एरंडवण्यात एक भूखंड होता. १९६६ सालच्या विकास आराखड्यात तो बागेसाठी राखलेला होता. पुढे, १९८७ च्या आराखड्यात, तो प्राथमिक शाळेसाठी राखला गेला. अशा राखण्याला 'आरक्षण' म्हणतात. बागही मुलांची आणि शाळाही मुलांचीच, म्हणून तेथपर्यंत कोणी फारशी तक्रार केली नसती. पण नंतर, १९९६ च्या सुमारास, शाळेचे ते आरक्षण तेथून उचलून लोहगावला नेण्यात आले, आणि मोकळ्या झालेल्या भूखंडावर खाजगी इमारत उभी राहिली. लोहगाव म्हणजे जेथे पुण्याचा विमानतळ आहे तो भाग. एरंडवण्यापासून दहा किलोमीटरहून दूर! एरंडवण्यातले पहिलीचे मूल लोहगावच्या शाळेत कसे जाणार? कागदावर मात्र शाळा नाहीशी झाली नव्हती. ती फक्त 'हलली' होती.

काही नागरिक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च १९९९ मध्ये निकाल दिला की हे सारे बेकायदेशीर झाले आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे ऑक्टोबर २०११ मध्ये निकाल लागला आणि उच्च न्यायालयाचे म्हणणे कायम राहिले. आरक्षण हलवण्यापासून शेवटच्या निकालापर्यंत सुमारे पंधरा वर्षे गेली. न्याय मिळाला, हे खरे. पण त्या पंधरा वर्षांत त्या भागातली किती मुले पहिलीतून कॉलेजात गेली असतील!

येथे तुमच्यापैकी एखादा चौकस विद्यार्थी हात वर करील आणि म्हणेल, "सर, पण जमीनमालकाचे काय?" प्रश्न योग्य आहे आणि तो टाळून चालणार नाही. देवळ्यासारख्या गावात विकास आराखडा तयार होतो तेव्हा हिरवा रंग पुष्कळदा कोणाच्या तरी शेतावर पडतो. शेतकरी काही धनवान नसतो. दोन-तीन एकरांचा धनी असतो. त्या दिवसापासून त्याला ती जमीन चांगल्या भावाने विकता येत नाही आणि तिच्यावर घर बांधता येत नाही. नगरपंचायतीजवळ जमीन विकत घेण्यापुरता पैसा नसतो. वर्षे जातात. बागही होत नाही आणि पीक काढणाऱ्याचे मनही लागत नाही. म्हणूनच १९६६ च्या नगररचना कायद्यात एक सोय ठेवलेली आहे. दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर ठरलेल्या मुदतीतही काही झाले नाही, तर आरक्षण संपते. मला ही तरतूद न्यायाची वाटते. ज्याची जमीन सर्वांसाठी घ्यायची, त्याला वेळेवर आणि पुरता मोबदला दिलाच पाहिजे.

पण न झालेली बाग आणि असलेली बाग यांत फरक आहे. जेथे मुले आज खेळत आहेत, ती जागा कोणा एकाच्या नफ्यासाठी मोकळी करून देणे ही वेगळी गोष्ट झाली. तेथे शेतकऱ्याचे दुःख पुढे करून चालणार नाही.

आता थोडे दूर जाऊ. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात ब्राँक्स नावाचा भाग आहे. तेथे गरीब आणि कष्टकरी लोकांची मोठी वस्ती आहे. बेसबॉलच्या एका प्रसिद्ध संघाला, यांकी संघाला, नवे क्रीडागार हवे होते. जुने रस्त्याच्या पलीकडेच उभे होते. नव्यासाठी जागा घेतली ती लोकांच्या बागेची. मॅकोम्ब्स डॅम पार्क असे तिचे नाव. २००६ साली काम सुरू झाले, शेकडो मोठी झाडे तोडली गेली. वचन असे दिले होते की गेलेल्या बागेच्या बदल्यात नव्या बागा मिळतील.

मिळाल्या का? मिळाल्या, पण तुकड्या-तुकड्यांनी. एक तुकडा नदीकाठी, वेगवान वाहनांचा रस्ता आणि लोहमार्ग यांच्या पलीकडे. एक मैदान चक्क वाहनतळाच्या छतावर. आणि जुने क्रीडागार पाडून त्या जागी जी मुख्य मैदाने व्हायची होती, ती २०१२ साली खुली झाली. श्रीमंत संघाचे क्रीडागार २००९ मध्येच तयार होते. मुलांच्या मैदानाला आणखी तीन वर्षे लागली.

गणित तुम्हीच करा. २००६ साली जो मुलगा दहा वर्षांचा होता, तो २०१२ साली सोळा वर्षांचा झाला. सहा वर्षे हा सरकारी कामात फार मोठा काळ मानत नाहीत. धरणे, पूल यांना याहून अधिक काळ लागतो. पण दहा ते सोळा हेच तर मैदानावर पळण्याचे वय! पूल उशिरा झाला तर लोक काही वर्षे होडीने जातील. बालपण काही थांबून राहत नाही.

म्हणून माझे मत असे आहे. बाग कधीच हलवू नये, असे मी म्हणत नाही. कधी पुराची भीती असते, कधी खरोखरच मोठा रस्ता किंवा पाण्याची टाकी यांसाठी दुसरी जागा नसते. अशा वेळी हलवावी. पण आधी नवी बाग तयार करावी, तिथल्या रोपांना सावली धरू द्यावी, मुले तेथे खेळू लागावीत, आणि मगच जुन्या बागेच्या फाटकाला कुलूप लावावे. आणि ती नवी बाग त्याच वस्तीत, पायी जाता येईल अशा अंतरावर असावी. हे जमत नसेल, तर त्याला हलवणे म्हणू नये. त्याला बाग काढून घेणे म्हणावे. शब्द खरा वापरला की अर्धे भांडण आपोआप मिटते.

कोणी म्हणेल, दुकानांऐवजी दवाखाना बांधायचा असेल तर? बंगळूरला नेमके हेच झाले होते. एका वसाहतीत बागेसाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयासाठी देऊन टाकली. रुग्णालयाला कोण नको म्हणेल? पण तेथील रहिवासी न्यायालयात गेले आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. रुग्णालय दुसऱ्या जागेवर होऊ शकते. ती मोकळी जागा मात्र सर्वांची म्हणून राखलेली होती, ती एका खाजगी संस्थेला देता येत नाही. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो, कारण येथे चांगल्या आणि वाईट गोष्टींत झगडा नव्हता. दोन्ही गोष्टी चांगल्याच होत्या.

आता एका शब्दाविषयी सांगतो. बाग, जमीन, मैदान, मालक, नकाशा, हक्क, अर्ज हे मराठी शब्द तुम्हाला घरचेच वाटत असतील. ते उर्दूतही आहेत, उच्चारात थोडाफार फरक. पण 'हरकत' या शब्दापाशी थांबा. उर्दूत हरकत म्हणजे हालचाल. मराठीत हरकत म्हणजे विरोध, आक्षेप. "माझी हरकत नाही" म्हणजे "मी हलत नाही" असे नव्हे! 'जाहीर' हा शब्दही असाच. उर्दूत तो उघड दिसणाऱ्या गोष्टीसाठी वापरतात. मराठीत 'जाहीर सूचना' म्हणजे सर्व लोकांसाठी काढलेली सूचना.

हे मी भाषेच्या तासासाठी सांगत नाही. गावाच्या विकास आराखड्यात असा बदल करायचा असेल, तर कायद्याप्रमाणे आधी जाहीर सूचना काढावी लागते आणि लोकांकडून 'हरकती व सूचना' मागवाव्या लागतात. त्यासाठी एक महिना मिळतो. कोणीही नागरिक साध्या कागदावर आपले म्हणणे लिहून देऊ शकतो. वकील लागत नाही. पण ही सूचना मराठीत असते, बारीक अक्षरांत छापलेली असते. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात किंवा कचेरीच्या फळ्यावर ती महिनाभर असते आणि शेजारून जाणाराही तिच्याकडे पाहत नाही. गट नंबर, चौरस मीटर, फेरबदल असले शब्द पाहून मोठी माणसे पुढे निघून जातात. कित्येक घरांत तर ती वाचू शकणारे एकच माणूस असते. ते म्हणजे शाळेत मराठी शिकणारे मूल.

अब्बांना किंवा दादीजानला ती वाचून दाखवायला किती वेळ लागेल? गट नंबर म्हणजे कोणती जागा, हे त्यांना तुमच्याहून अधिक चांगले ठाऊक असते. "अरे, ही तर आपली कडुनिंबाची बाग!" असे त्याच ओळखतील. मग अर्ज लिहायला बसा. शुद्धलेखनाची एखादी चूक झाली तर होऊ द्या, तेथे कोणी गुण कापत नाही. घरापासून जुन्या बागेपर्यंत किती पावले आणि नव्या जागेपर्यंत किती, हे स्वतः चालून, मोजून लिहा. असा आकडा कचेरीतल्या कोणत्याही नकाशावर नसतो.

आणि एक लक्षात ठेवा. सूचनेच्या खाली किंवा वर तारीख असते, ती सर्वांत आधी पाहा. महिना त्या तारखेपासून मोजतात. तुम्ही ती वाचली त्या दिवसापासून नाही.