परवाना नावावर झाला, बंदूक अंगाला बसली का?

आमच्या बोरिवली, मुलुंड, घाटकोपरचे कितीतरी जण भातासाठी कोकणात जाऊन-येऊन असतात. वडिलांमागे पीक राखणीच्या बंदुकीचा परवाना नावावर करून घेतात. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ठासणीच्या बंदुकीला ती सोय आहे. कागद सगळे बघतात, दस्ता कोणी बघत नाही. माझं म्हणणं, आधी दस्ता बघा.

बंदूक तीच, दारू-छरा तेवढाच, तर धक्काही तेवढाच. पण तो कुठं बसणार ते दस्ता ठरवतो. दस्ता खाली फार वाकलेला असला की नळी वर उसळते नि गालफडात बसते. सरळ दस्ता धक्का थेट खांद्यात देतो. मागचं टोक अरुंद असलं की एकाच जागी ठोसा, रुंद असलं की तो वाटला जातो.

कुदळीचा दांडा आपण आपल्या हाताप्रमाणे घालतो, मग इथं का नाही? धक्क्याला भ्यालेला माणूस डोळे मिटून चाप ओढतो. वनखात्याची परवानगी खिशात असली तरी जखमी डुक्कर अंगावर यायचं थांबत नाही.

रिकामी बंदूक खांद्याला लावून बघा. गाल सहज टेकून डोळा नळीच्या रेषेत येत नसेल, तर परवानाधारक कारागिराकडून दस्ता मापात करून घ्या. तोवर कुंपणच बरं.