भीतीचा हिशेब



या अंकासाठी ‘परिसर आणि आपण’ हा विषय ठरला तेव्हा वाटलं होतं, मजकूर जमवताना दमछाक होणार. झालं उलटंच. पोस्टाने, हातोहात, फोनवरून मजकूर येत राहिला. गाणी आली, चित्रं आली, एका गटाने पथनाट्याची अख्खी वही पाठवली. पण जवळजवळ प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी होती : ‘नाव छापू नका.’ कुणी लिहिलं होतं, मी काही लेखिका नाही. कुणी लिहिलं होतं, घरचे विचारतील की एवढा वेळ हिला मिळाला कुठून. एकीने कारणच दिलं नव्हतं, नुसतं नाव खोडलं होतं, आणि इतकं गच्च खोडलं होतं की कागदाला भोक पडलं होतं.

या बायका भित्र्या नाहीत. त्यांतल्या दोघींना मी पोलीस ठाण्यात हुज्जत घालून तक्रार लिहून घ्यायला लावताना पाहिलं आहे. एकीने रात्री दोन वाजता मार खाणाऱ्या शेजारणीचं दार ठोठावून उघडायला लावलं होतं. मोर्च्यात पुढे चालणाऱ्या आपल्याजणींना स्वतःच्या हातच्या सोळा ओळींची भीती वाटते. असं का, हे मला या अंकात लिहावंसं वाटलं, कारण तशीच एक चिठ्ठी मीही बरीच वर्षं मनात बाळगून होते.

एम.एस.डब्ल्यू.ची दोन वर्षं मी मुंबईत देवनार भागात काढली. तिथला कचराडेपो १९२७ पासूनचा. वारा तिकडून आला की आम्ही खिडक्या लावून घ्यायचो आणि वंचितांचे प्रश्न वाचायला बसायचो. त्या दोन वर्षांत मी स्वतःहून एकदाही तिकडे फिरकले नाही. पुढे नोकरी लागली ती त्याच बाजूच्या वस्त्यांत, तेव्हा जावंच लागलं.

जानेवारी २०१६ मध्ये डेपोला मोठी आग लागली. धूर कित्येक दिवस हटला नाही. उपग्रहाने घेतलेल्या छायाचित्रांतसुद्धा तो दिसला. ओला-सुका कचरा एकत्र टाकला की खालचे थर हवेशिवाय कुजतात, मिथेन वायू साठतो, आणि मग एक ठिणगी पुरते. म्हणजे आगीची तयारी शहराच्या प्रत्येक स्वयंपाकघरात रोज होत होती. पण बोट दाखवलं गेलं ते कचरा वेचणाऱ्यांकडे. डेपोत शिरायची बंदी कडक झाली आणि ज्या बायकांची मुलं त्या धुराने खोकत होती त्यांचाच रोजगार गेला. मी तेव्हा वस्तीत आरोग्याच्या बैठका घेत होते. संध्याकाळी रिपोर्टात लिहायचे : जनजागृती बैठक १, उपस्थिती ४२. आणि त्याच फॉर्मच्या पाठीमागे एक गाणं लिहायला लागले. धुराचं गाणं. ते कुणाला दाखवलं नाही. नंतर आणखी लिहिली. फॉर्म भरत गेले, पाठकोरे कागद साठत गेले.

नोकरी सोडून हेच काम करावं, बायकांना घेऊन कचऱ्यावर गाणी आणि नाटकं उभी करावीत, असं मनात आल्यावर मी पुढची पाच-सहा वर्षं काय केलं? काही नाही. वहीत एकदा भीतीची यादी मात्र केली होती. पगार. घराच्या कर्जाचा हप्ता. सासूबाई. सोबतच्या मुली आता प्रोजेक्ट मॅनेजर झाल्या आहेत. गाणी लिहून पोट भरतं का, हा वडिलांचा प्रश्न. यादी खरीच होती, पण शेवटची ओळ लिहायला मला वेळ लागला : गाणं वाईट निघालं तर? प्रोजेक्ट फसला तर तो सगळ्यांचा फसतो. निधी उशिरा आला, पावसाळा आडवा आला, असं लिहिता येतं. गाणं फसलं तर ते फक्त माझं.

आणखी एक भीती चळवळीतून आली होती, तीही सांगते. एका बैठकीत मी जरा धीर करून हे बोलले तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ती म्हणाल्या, “बायका जळताहेत आणि तू झाडापानांवर गाणी लिहिणार?” मी गप्प बसले. आज उत्तर देता येतं. घरातला कचरा कोण वेगळा करतं, वेगळा केला नाही म्हणून बोलणी कोण खातं, आणि तो उघड्या हाताने कोण उचलतं? बहुतेक वेळा तिन्ही ठिकाणी बाई आहे. तिसऱ्या ठिकाणी बहुतेकदा दलित बाई आहे. हा झाडापानांचा विषय नाही. पण त्या वेळी उत्तर सुचलं नाही आणि मी वर्षभर वही उघडली नाही.

तीन वर्षांपूर्वी मी नोकरी सोडली. धाडस म्हणून हे सांगत नाही. नवऱ्याचा पगार चालू होता, हप्ता दोन महिने थकला तरी घर जाणार नव्हतं. हे न सांगता ‘मी भीतीवर मात केली’ असं लिहिलं असतं तर ती लबाडी झाली असती. हल्ली तशी भाषणं पुष्कळ ऐकू येतात. हॉलमध्ये गाद्या घालून, फी घेऊन, बायकांना ‘आतला आवाज ऐका’ म्हणून सांगतात. ज्या बाईच्या आतल्या आवाजाची किंमत एका दिवसाचा रोज आहे तिने काय ऐकायचं, ते काही सांगत नाहीत.

ते मला सांगितलं आमच्या गटातल्या एका मावशींनी. (त्यांचं नाव देत नाही. का ते पुढे येईल.) चाळीस वर्षांपैकी निम्मी डेपोवर गेली, आता त्या दोन सोसायट्यांतला कचरा उचलतात. पहाटे अंधारात लोखंडी आकडा घेऊन ढिगावर चढताना, कुत्री मागे लागताना, सुया टोचताना त्या कधी थांबल्या नाहीत. आमच्या पथनाट्यात वापरलेल्या पॅडवरचं गाणं त्यांनीच रचलं, जात्यावरच्या ओवीच्या चालीवर. त्यात कचरा उचलणारी बाई वरच्या मजल्यावरच्या बाईला सांगते की तुझी तारीख तुझ्या नवऱ्याआधी मला कळते, आणि तू ज्याला हात लावत नाहीस ते मी रोज हातात घेते. तालमीत आम्ही हसलो आणि मग कुणीच हसेना. हे गाणं सोसायटीच्या आवारातच व्हायला हवं, असं मी उत्साहाने म्हटलं. मावशी म्हणाल्या, मी नाही म्हणणार.

मी समजूत घालायला लागले. शिकलेली वाक्यं सगळी वापरली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ताई, तुमची भीती गेली तर टाळ्या मिळतील. माझी गेली तर गेट बंद.”

यावर मला बोलता आलं नाही. खरंच होतं. सोसायटीच्या सेक्रेटरीने वॉचमनला एक शब्द सांगितला की दोन सोसायट्यांपैकी एक जाते, म्हणजे निम्मं घर जातं. ही भीती मनाची दुबळेपणा नव्हे, तो चोख हिशेब आहे. आणि हिशेबाला भाषण हे उत्तर नसतं, हिशेबच लागतो.

मग गट बसला आणि पैपैचा हिशेब झाला. जी बाई जिथे काम करते तिथे ती प्रयोगात उभी राहणार नाही. दोन वस्त्यांच्या गटांनी जागा अदलाबदल करायच्या. प्रयोगाच्या दिवशी बुडणारा रोज गटाच्या पैशातून द्यायचा, मग मानधन उरो न उरो. आणि कुणाचं काम गेलंच तर सगळ्याजणींनी मिळून सोसायटीत जायचं, एकटीने नाही. हा शेवटचा ठराव सोपा नव्हता. दोघींनी सरळ सांगितलं, आम्हाला जमणार नाही. त्यांना कुणी भित्र्या म्हटलं नाही. त्या ढोलकी आणि पाण्याची सोय बघतात.

पॅडचं गाणं हवेतून आलं नाही. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, त्यातूनच कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिने महानगरपालिकेशी दारोदार कचरा गोळा करण्याचा करार केला. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे ते आम्हाला उघडून बघावं लागणार नाही, ही साधी मागणी तिथल्या बायकांनी लावून धरली. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांत पॅड नीट गुंडाळून देण्याची जबाबदारी घरांवर आणि त्यासाठी वेष्टन पुरवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली गेली. नियम आला तरी ठिपका आपोआप उमटत नाही. आमच्या दोन सोसायट्यांत तो उमटावा एवढ्यासाठी हे नाटक.

नाटकातून कचऱ्याकडे जाणारी वाट आपल्याकडे जुनी आहे. स्त्री मुक्ती संघटनेचं ‘मुलगी झाली हो’ १९८३ मध्ये आलं. पुढे त्याच संघटनेने कचरा वेचणाऱ्या बायकांसोबत ‘परिसर विकास’ हा कार्यक्रम सुरू केला. गाणं म्हणणाऱ्या बायका कचऱ्याशी पोचल्या यात मला विसंगत काही दिसत नाही. हिमालयात रेणी गावात २६ मार्च १९७४ रोजी झाडं तोडायला माणसं आली तेव्हा गावातले पुरुष बाहेरगावी होते. गौरादेवी गेल्या, पण एकट्या नाही. गावातल्या बायका-मुलींना सोबत घेऊन गेल्या. जंगल आमचं माहेर आहे, असं त्यांनी सांगितलं. शाळेच्या पुस्तकात झाडाला मिठी मारलेली एकच बाई काढतात. मला वाटतं चित्रकाराने तिथेच चूक केली.

नावाच्या चिठ्ठ्यांबद्दल. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या. मला त्यात सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे, की ओवीबरोबर गाणारणीचं नाव आणि गाव टिपलं गेलं. पहाटे दळताना बायका पिढ्यान्‌पिढ्या रचत आल्या आणि घरात त्याला काम म्हणत, कविता म्हणत नसत. आपणही तेच करतो आहोत, फक्त चिठ्ठी जोडून.

तरी या अंकात ज्यांनी नाव नको म्हटलं त्यांचं नाव छापलेलं नाही. त्यावर संपादक मंडळात बराच वाद झाला. मी दोन्ही बाजूंनी बोलले, हे कबूल करते. शेवटी प्रत्येकीला फोन करून एकच विचारायचं ठरलं : नाव छापलं तर नेमकं काय होईल? चौघींनी जे सांगितलं ते ऐकून आम्हीच म्हटलं, नकोच. तिघी थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, तसं काही होणार नाही, छापा. त्यांची नावं आत आहेत. कागदाला भोक पाडणारीने फोन उचलला नाही. तिचं चित्र मागच्या पानावर आहे, खाली जागा मोकळी ठेवली आहे.

मावशींनी त्यांच्या गाण्याखाली नाव घालायला सांगितलं, मग दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला की आत्ता नको, दिवाळीनंतर सोसायटी पैसे वाढवून देते का ते बघू. म्हणून गाणं छापलं आहे, नाव पुढच्या अंकासाठी राखून ठेवलं आहे.

माझी स्वतःची तीन गाणी या अंकात आहेत, नावासकट. तिसरं जरा कच्चं आहे, मला माहीत आहे. कळवा.

पुढचा प्रयोग पंधरा दिवसांनी आहे. येणाऱ्यांनी पाण्याची बाटली आपापली आणावी. आमच्या ढोलकीची एक पुडी फाटली आहे. कुणाच्या ओळखीत दुरुस्त करणारा असेल तर कळवावं. तोवर पत्र्याच्या डब्यावर भागवतो आहोत.