३३ टक्के माणूस

आयटीतल्या मंडळींना एक्सेलमधला तो तक्ता चांगलाच ओळखीचा असेल. डावीकडे माणसांची नावं, वरती प्रोजेक्टांची, आणि चौकटींमध्ये टक्के. एखादा डेटाबेसवाला तीन प्रोजेक्टांत, प्रत्येकी ३३ टक्के. बेरीज जमली, मॅनेजर खूश!

आता जरा शाळेतलं गणित करू. तीन कामं, प्रत्येकी चार आठवड्यांची, करणारा एकच. एकामागून एक केली तर ती चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याच्या शेवटी संपतात. दर आठवड्याला आलटून पालटून केली तर दहाव्या, अकराव्या आणि बाराव्या. म्हणजे तिसऱ्याचा एक दिवसही वाचला नाही; पहिलं मात्र सहा आठवडे लांबलं आणि दुसरं तीन.

बरं, एक काम सोडून दुसरं हातात घेताना डोक्यात सगळं पुन्हा जुळवावं लागतं, तो वेळ यात धरलेलाच नाही. जेराल्ड वाइनबर्गने १९९२ सालच्या पुस्तकात त्याचा ठोकताळा दिलाय: दोन प्रोजेक्ट असतील तर २० टक्के वेळ वाया, तीन असतील तर ४०. आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण शून्य काही नसतो.

मग तरीही असं का करतात? कारण तिन्ही क्लायंटना "काम सुरू आहे" असं सांगता येतं. "तुमचं काम पाचव्या आठवड्यात हातात घेऊ" म्हणायला छाती लागते. ती नसली की किंमत तो डेटाबेसवाला मोजतो, रात्री अकराच्या कॉलवर तिघांचीही बोलणी खात.

माझं म्हणणं सोपं आहे. टक्के नकोत, रांग लावा. पहिला नंबर कुणाचा? एक आठवडा उशीर झाला तर किती नुकसान, याला कामाच्या आठवड्यांनी भागा. उत्तर मोठं, तो आधी. डब्ल्यू. ई. स्मिथने हा नियम १९५६ सालीच मांडलाय. समोरून उत्तर येत नसल्यामुळे काम अडलं, तर खुशाल पुढचं उघडा. चालू सिस्टीम बसली तर सगळं सोडून धावा, तो भाग वेगळा.

तेव्हा पुढच्या वेळी तो तक्ता समोर आला की एवढंच विचारा, "यातलं आधी कोणतं?" मॅनेजरने ठरवलं नाही म्हणून रांग लागायची थांबत नाही. फक्त मग जो मोठ्यांदा ओरडतो, त्याचा नंबर पहिला लागतो.